दाराबाहेरचे पंधरा दिवस

तुरुंगात गांजा सापडल्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर, एका कॉलमात येते. कधी तो चेंडूत भरून भिंतीवरून फेकलेला असतो, कधी चपलेच्या तळात शिवलेला, तर कधी कोर्टाच्या तारखेवरून परतणाऱ्या कैद्याने अंगात दडवून आणलेला. बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले: चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत. वाचणारा चहाचा घोट घेतो, ‘आतल्या लोकांच्या संगनमताशिवाय हे शक्यच नाही’ असे म्हणतो आणि पान उलटतो. त्याचे म्हणणे बहुधा खरेच असते. पण हा गांजा आत कोणासाठी चालला होता, तो ओढणारा आत येण्याआधी काय ओढत होता आणि बाहेर गेल्यावर काय ओढणार आहे, हे बातमीत नसते आणि आपल्यालाही ते विचारावेसे वाटत नाही.

२०२३ सालच्या सप्टेंबरअखेरीस पुण्यात ससून रुग्णालयाच्या दारात मेफेड्रोन पकडले गेले. ज्याला आपली मुले ‘एमडी’ म्हणतात, तीच ही पावडर. पाठोपाठ २ ऑक्टोबरला, उपचारासाठी ससूनमध्ये ठेवलेला येरवडा तुरुंगातला एक कैदी तिथून पळाला. पुढचे कितीतरी दिवस वर्तमानपत्रे त्या प्रकरणाने भरून गेली. कोणी कोणाला पैसे दिले, तो कुठे लपला, कारखाना कुठे होता. सगळे वाचण्यासारखे होते आणि मीही वाचले. पण साऱ्या चर्चेत विकणारा होता, घेणारा नव्हता. विकणाऱ्याभोवती गोष्ट तयार होते. त्यात पैसा असतो, पाठलाग असतो. घेणारा बराकीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असतो, त्याच्यावर कादंबरीसुद्धा लिहिणे अवघड. मी कादंबरीकार आहे म्हणून हे खात्रीने सांगतो.

या लेखात मला त्या घेणाऱ्याबद्दल बोलायचे आहे. म्हणणे सरळ आहे. तुरुंगाच्या भिंतीने माणसाचा पुरवठा फार तर कमी होतो, व्यसन जसेच्या तसे राहते. आणि अशा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा दिवस तो आत जातो तो नव्हे, सुटतो तो असतो. म्हणून उपचार पहिल्या दिवशी आत सुरू झाले पाहिजेत आणि शेवटच्या दिवशी ते त्याच्याबरोबर दाराबाहेर गेले पाहिजेत. आज यातले दुसरे जवळजवळ होतच नाही.

आधी हा माणूस आत येतो कसा ते पाहू. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा. त्याच्या २७ व्या कलमानुसार नुसते सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेनसारख्यांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर ती ‘अल्प मात्रा’, अडीचशे ग्रॅमपासून पुढे ‘व्यापारी मात्रा’. पण गर्दच्या नादी लागलेला पोरगा बऱ्याचदा या कायद्याखाली आत येतच नाही. तो येतो चोरीखाली. लोकलमधला मोबाइल, बांधकामावरची लोखंडी सळई, शेजाऱ्याची सायकल. पुडीचा खर्च रोजचा आणि कमाई शून्य, तेव्हा दुसरा मार्ग नसतो. तुरुंगाच्या रजिस्टरवर त्याची नोंद चोर म्हणून होते, आणि व्यसनाची चौकशी कोणी मुद्दाम केली नाही तर त्याचा पत्ताही लागत नाही.

याच कायद्यात दोन शहाणी कलमे आहेत. ६४-अ सांगते की अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवू नये. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. ३९ वे कलम कोर्टाला अशा माणसाला शिक्षा देण्याऐवजी बाँड लिहून घेऊन उपचाराला पाठवण्याची मुभा देते. म्हणजे १९८५ साली कायदा करणाऱ्यांच्या आणि पुढे त्यात सुधारणा करणाऱ्यांच्या डोक्यात व्यसनी आणि व्यापारी यांतला फरक होता. फौजदारी कोर्टात उठबस असलेल्या एखाद्या वकिलाला सहज विचारून पाहा, की ६४-अ चा अर्ज त्याने शेवटचा केव्हा केला. मी दोघांना विचारले. एक हसला, दुसऱ्याने पुस्तक काढले.

ही सारी माणसे जातात कुठे, तर आधीच ओसंडून वाहणाऱ्या जागेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि जागा होती सुमारे ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे असे. हा ७६ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. मुंबईचा आर्थर रोड तुरुंग तर क्षमतेच्या कितीतरी पट भरलेला असतो. तिथे झोपताना कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते, असे आत राहून आलेले लोक सांगतात.

अशा जागी ‘टर्की’ लागते. हा शब्द गर्दुल्ल्यांचाच. नेहमीचा डोस चुकला की आठ-दहा तासांत नाक-डोळे वाहू लागतात, जांभयांवर जांभया येतात; मग पोटात कळा, जुलाब, उलट्या, हाडे कोणी पिळून काढतो आहे अशी वेदना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते टिपेला जाते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. पहिल्या काही रात्री बहुधा पोलीस कोठडीत जातात, तुरुंगात नव्हे. टर्कीतला माणूस एका पुडीसाठी कोणत्याही कागदावर सही करील, हे ज्याला कळायचे त्याला कळते.

गर्दच्या टर्कीने तरुण माणूस सहसा मरत नाही. दारूच्या टर्कीने मात्र मरू शकतो. महाराष्ट्रात तर खरे व्यसन दारूचेच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की एक-दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. वेळेवर साध्या, स्वस्त औषधांनी हे टाळता येते. कोठडीतल्या हवालदाराला मात्र ते ‘नाटक’ वाटते. ‘दोन फटके दिले की उतरेल.’ एखाद्याचे खरेच कायमचे उतरते.

या पहिल्या आठवड्याबद्दल निदान बोलले तरी जाते. सुटकेनंतरच्या पंधरवड्याबद्दल कोणी बोलतच नाही, आणि म्हणून मला इथे आमच्या शाखेतल्या दप्तरींची गोष्ट सांगायला हवी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. दप्तरी म्हणजे जुनी लेजरे, व्हाउचरे सांभाळणारा माणूस. यांच्या हाताखाली कोणत्याही सालचे व्हाउचर पाच मिनिटांत सापडे. धाकटा मुलगा बावीस वर्षांचा, गर्दच्या नादी लागलेला, घरातली भांडी विकून झालेली. एका चोरीत पकडला गेला आणि सात महिने आत राहिला. दप्तरी दर पंधरा दिवसांनी मुलाकातीला जात. ‘साहेब, पोरगा सुधारला. अंगावर मांस आलंय,’ असे आल्यावर सांगत. जामीन झाला त्या दिवशी त्यांनी शाखेत पेढे वाटले. तुरुंगातून सुटल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तेव्हाच पाहिला, आणि कोणी हसले नाही. नवव्या दिवशी तो मुलगा स्टेशनजवळच्या सार्वजनिक संडासात मेलेला सापडला. जवळ पन्नी होती, आगपेटी होती. तेराव्यानंतर दप्तरी कामावर आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, आत होता तेव्हा जिवंत होता हो.’

त्यावेळी आम्ही सर्वांनी याला नशीब म्हटले. पुढे कळले की याला नशिबापेक्षा चांगले उत्तर आहे. रोज गर्द घेणाऱ्याचे शरीर हळूहळू त्या विषाला सरावते, आणि एरवी माणूस दगावेल एवढी मात्रा तो पचवतो. काही महिने गर्द मिळाला नाही की हा सराव मोडतो. शरीर नवख्याचे होते. डोक्यातली मात्रा मात्र जुनीच असते. बाहेर आल्यावर जुना अड्डा, जुने दोस्त, आणि हात त्याच मापाने पुडी उघडतो. श्वास मंदावतो आणि थांबतो. सात महिने ‘सुधारलेला’ असणे हेच त्या मुलाच्या मृत्यूचे एक कारण होते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ३०,२३७ सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका त्याच वयाच्या, तशाच इतर रहिवाशांच्या मानाने सुमारे १२.७ पट निघाला. आणि अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने मरण्याचा धोका १२९ पट. मी आयुष्यभर टक्केवारी पाहिली आहे, पण १२९ पट हा आकडा मी दोनदा वाचला.

आपल्याकडचा हिशेब कसा ठेवला जातो तेही पाहण्यासारखे आहे. २०२२ साली देशातल्या तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले, अशी अधिकृत नोंद आहे. प्रत्येक मृत्यूचे कारण लिहिले जाते, न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी होते. हे योग्यच. पण दप्तरींचा मुलगा अशा हिशेबात कधीच धरला जात नाही, कारण तो दाराच्या बाहेर मेला. पोलिसांच्या वहीत त्याची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि तुरुंगाचे खाते स्वच्छ राहते.

बँकेत अधिकाऱ्याची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, रोकड, तारण ठेवलेले दागिने, एकेक वस्तू मोजून यादीवर दोघांच्या सह्या होतात. तिजोरीची किल्ली अर्धा तासही बेवारस राहून चालत नाही. हे सर्व सोन्यासाठी, तेही दुसऱ्याच्या. तुरुंगाचा डॉक्टर आपल्या रुग्णाचा चार्ज कोणाकडे देतो? सुटणाऱ्या कैद्याला त्याचे जमा केलेले घड्याळ, पाकीट, कपडे सही घेऊन परत मिळतात. कोणते औषध चालू होते, किती चालू होते, उद्या ते कुठे मिळेल, याचा कागद त्याच्या हातात पडला तर तो त्या डॉक्टरचा वैयक्तिक चांगुलपणा.

इथे तो ७६ चा आकडा येतो. शिक्षा झालेल्या कैद्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक असते. तयारी करता येते. कच्चा कैदी सुटतो जामिनावर, आणि जामीन केव्हा होईल ते देवालाही ठाऊक नसते. आर्थर रोडच्या दारावर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी पेटी आहे आणि ती ठरावीक वेळांनाच उघडते, हे २०२१ साली एका नटाच्या मुलाच्या निमित्ताने साऱ्या देशाला कळले. पेटी उघडली, कागद निघाला, नाव पुकारले, की माणूस गाठोडे घेऊन रस्त्यावर. ‘सुटायच्या आधी महिनाभर समुपदेशन’ वगैरे योजना कागदावर छान दिसतात, पण दर चारांतल्या तिघांना त्या लागूच पडत नाहीत. त्यांच्या सुटकेची तयारी त्यांच्या पहिल्या दिवशीच सुरू करावी लागते. आत येताना वजन, उंची, अंगावरच्या खुणा लिहितात, तेव्हाच विचारायचे: काय घेतोस, किती घेतोस, शेवटचे केव्हा घेतलेस. आणि हे विचारणारा डॉक्टर असला पाहिजे. सांगितलेले पुढे खटल्यात वापरले जाणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोणी खरे बोलणार नाही.

आपल्या देशात याची सुरुवात झालीच नाही असे नाही. किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळात तिहारच्या प्रमुख होत्या. नऊ हजारांवर कैदी, त्यांत गर्दुल्ले भरपूर. त्यांनी तुरुंगात बिडी-तंबाखू बंद केली, व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या संस्थांना आत बोलावले, आणि एप्रिल १९९४ मध्ये सत्यनारायण गोएंकांनी तिथे हजारावर कैद्यांचे विपश्यना शिबिर घेतले. त्याचे चित्र आपल्या मनात अजून आहे, कारण ते दिसायला भव्य होते. मला विपश्यनेबद्दल आदर आहे. मन शांत होणे ही लहान गोष्ट नाही. पण त्यापेक्षा महत्त्वाचे काम तिहारमध्ये २००८ च्या सुमारास, गाजावाजा न होता सुरू झाले. दिल्लीच्या एम्सच्या मदतीने गर्दच्या व्यसनी कैद्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी द्यायला सुरुवात झाली. गोळी जिभेखाली ठेवायची, नर्ससमोर विरघळू द्यायची. तिने टर्की थांबते, तलफ मंदावते, आणि नशा म्हणावी तशी चढत नाही. पंजाबने २०१८ पासून याच उपचाराचे बाह्यरुग्ण दवाखाने मोठ्या प्रमाणावर काढले आणि पुढे ते तुरुंगांतही नेले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरे लावणे. घराघरांत इन्शुलिन टोचून घेणारी माणसे आहेत; त्यांना कोणी इन्शुलिनचे व्यसनी म्हणत नाही. गोळी घेणारा माणूस सकाळी उठतो, कामाला जातो, पगार घरी आणतो, चोरी करत नाही. गर्द घेणारा यातले काही करू शकत नाही. मला एवढा फरक पुरतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: ही गोळी गालात लपवून बराकीत विकली जाते. होय, विकली जाते. जिथे बिडीसुद्धा चलन असते तिथे गोळी का नसेल? म्हणून देणाऱ्याने समोर उभे राहून ती विरघळेपर्यंत थांबायचे असते, आणि त्यासाठी माणसे लागतात. आपल्या तुरुंगांत मंजूर जागांपैकीही कितीतरी रिकाम्या आहेत, डॉक्टरांच्याही. जागा भरायच्या नाहीत आणि मग औषधाला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

आणि ‘कैद्यांचे लाड कशाला?’ हा आक्षेप तर आमच्या कट्ट्यावरही ऐकू येतो. त्या मंडळींना मी एवढेच सांगतो की हा माणूस आपल्याच गल्लीत परत येणार आहे. सुईने घेणारे एकच सुई चौघांत फिरवतात; एचआयव्ही आणि हेपॅटायटिस-सी घेऊन एखादा बाहेर आला तर ते त्याच्या बायकोपर्यंत पोचते. तिने कोणता गुन्हा केला होता?

आत औषध आणि बाहेर त्याची जोडणी, असे दोन्ही नीट केले तर काय होते? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात कच्चे आणि पक्के कैदी एकाच यंत्रणेखाली असतात, म्हणून त्याचे उदाहरण आपल्याला जवळचे. २०१६ साली त्यांनी कैद्यांची व्यसनासाठी तपासणी करून गरजूंना ब्युप्रेनॉर्फिनसह तिन्ही मान्य औषधे द्यायला सुरुवात केली, आणि सुटल्यावर तेच उपचार बाहेरच्या दवाखान्यात चालू राहतील अशी व्यवस्था केली. त्या राज्यात २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत ओव्हरडोसने १७९ माणसे मेली. त्यांतली २६ वर्षभरात तुरुंगातून सुटलेली होती. २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत एकूण १५७, आणि त्यांत तुरुंगातून सुटलेली ९. सतरा माणसे, सहा महिन्यांत. संख्या लहान आहे हे मला दिसते. पण त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी दप्तरी असणारच.

महाराष्ट्राचा प्रश्न थोडा निराळा आहे, हेही मान्य केले पाहिजे. गर्द इथे आहेच. पण त्याबरोबर दारू आहे, गांजा आहे, झोपेच्या गोळ्या आहेत. मालेगावात त्यांतल्या एकीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला परिणाम नेमका ठाऊक असावा. आणि आता एमडी. एमडीला ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी नाही. तिथे बोलणे, ऐकणे, गट, घरची माणसे आणि वेळ, एवढीच औषधे. म्हणजे डॉक्टरइतकीच समुपदेशकाची गरज.

आणि इथे आपण दरिद्री नाही. येरवड्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्यवर्ती तुरुंग, जिथे गांधीजी होते. त्याच परिसरात मनोरुग्णालय. आणि त्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेले ‘मुक्तांगण’. डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी ते काम उभे केले, ही कथा मराठी वाचकाला मी सांगायला नको. पस्तीस दिवसांचे निवासी उपचार, त्यानंतर वर्षानुवर्षे पाठपुरावा, बायकांसाठी ‘सहचरी’ गट, आणि स्वतः त्यातून बाहेर पडलेली माणसे समुपदेशक. व्यसनी माणसाला न मारता, न बांधता, ‘मित्रा’ म्हणून बरे करता येते, हे या गावाला जवळजवळ चाळीस वर्षे ठाऊक आहे. तुरुंग, मनोरुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर असावीत, असा योग फार थोड्या शहरांना लाभला असेल.

या तिघांना जोडणारी गोष्ट सद्भावनेवर सोडून चालणार नाही, तिला सरकारी आदेशाचे बळ हवे. ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर आलेला. पण तुरुंगाच्या दारावर त्याला पहिला प्रश्न त्याच्या जुन्या गुन्ह्याचाच विचारला जाणार. ज्या अनुभवामुळे तो उपयोगी, त्याच अनुभवामुळे त्याला आत सोडायचे नाही! इथे नियमात स्पष्ट अपवाद लिहून द्यावा लागेल.

कायद्याचा आधार तर तयारच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजारांत धरले आहे. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे आणि तुरुंगातल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसोपचाराचे प्राथमिक प्रशिक्षण मिळावे, असेही त्यात आहे. महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती तुरुंग आहेत. एका केंद्रावर समाधान मानायचे की नऊ करायची, हा प्रश्न विधानसभेत कोणीतरी विचारावा.

पैशाचे काय, असे म्हणाल तर येरवड्यातलेच एक उदाहरण देतो. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने तिथल्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, आणि फेड तुरुंगातल्या कामाच्या मजुरीतून. कैद्याला कर्ज देतात हे ऐकून माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याने कपाळावर हात मारला होता. मला तो निर्णय धाडसी वाटला. कारण बँकेने पाहिले की आत असलेल्या माणसाला बाहेर घर असते, मुलांची फी असते, वकील असतो. कैद्याचे दाराबाहेरचे आयुष्य बँकेच्या हिशेबात आले, तर ते आरोग्य खात्याच्या हिशेबात यायला काय हरकत आहे?

मुलाकातीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आयांना कोणी काही सांगत नाही. त्या डबा पाठवायला धडपडतात, मनीऑर्डर करतात, आणि टर्कीतल्या मुलाचे रडे पाहून एखादी कोणाच्या तरी हातून पुडीसुद्धा पोचवते. पकडली गेली तर तीही आत जाते. त्याच खिडकीपाशी एखाद्या समुपदेशकाने तिला पाच मिनिटे सांगितले पाहिजे: मुलगा सुटेल तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याला एकटा सोडू नका, त्याने पुन्हा घेतलेच तर पूर्वीइतके त्याला सोसणार नाही, श्वास जड वाटला, ओठ निळे पडले तर पोलिसांची भीती न धरता लगेच रुग्णालयात न्या, त्यावर नॅलोक्सोनचे इंजेक्शन असते आणि ते वेळेवर मिळाले तर माणूस परत येतो. एवढे दप्तरींना कोणी सांगितले असते तर त्यांनी रजा टाकली असती. त्यांची सहा महिन्यांची रजा शिल्लक होती.

आणि तुरुंगाच्या दारावरचे ते रजिस्टर. घड्याळ एक, पाकीट एक, रोख रुपये अमुक, शर्ट-पँट जोडी एक, अंगठा किंवा सही. त्यात आणखी तीन रकाने आखावेत: चालू औषध कोणते, बरोबर किती दिवसांचे दिले, पुढे कोणत्या दवाखान्यात, कोणत्या तारखेला, कोणाला भेटायचे. रात्री आठ वाजता जामिनाचा कागद आला तरी ते रकाने भरल्याशिवाय दार उघडू नये, आणि ते भरायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही. तुरुंगाच्या दवाखान्यात रात्रपाळीला एक माणूस आणि कपाटात तीन दिवसांच्या गोळ्यांची पाकिटे लागतात.